ऍव्हगॅस, जेट ए-वन की मोगॅस? छोटं विमान घेण्याआधी इंधन ठरवा

स्वतःचं छोटं विमान घ्यायचं, किंवा तीन-चार जणांनी मिळून घ्यायचं, असं ठरलं की बोलणं लगेच स्पीड, रेंज आणि नव्या स्क्रीनवर जातं आणि इंधनाचा विषय शेवटी राहतो. माझं स्पष्ट मत आहे की आधी इंधन ठरवा, मग विमान, कारण टाक्या कशा, पंप किती, इंजिन कसं सुरू करायचं, सकाळच्या तपासणीत डोळे कशावर ठेवायचे, हे सगळं बऱ्याच अंशी इंधनावरून ठरतं.

पर्याय तीन आहेत. ऍव्हगॅस म्हणजे १००एलएल, हे विमानाचं पेट्रोल. जेट ए-वन म्हणजे रॉकेलच्या जातीचं, मोठ्या जेट विमानांत जातं तेच, पण आता छोट्या डिझेल इंजिनांतही चालतं. आणि मोगॅस म्हणजे आपलं गाडीचं पेट्रोल, जे हलक्या विमानांतल्या रोटॅक्ससारख्या इंजिनांना चालतं.

ऍव्हगॅसपासून सुरू करतो कारण बहुतेक जण त्यावरच शिकतात. ऑक्टेन १००, गोठण्याची मर्यादा उणे ५८ अंश, आणि दशकानुदशकं वापरून सगळ्यांना पाठ झालेलं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या सेस्ना १७२ मध्ये तर टाक्या वरच्या पंखात आणि इंजिन खाली, त्यामुळे इंधन आपल्या वजनानेच उतरतं, पंपाची गरजच नाही, आणि सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडायचा खटका, ‘बोथ’ म्हणजे ‘दोन्ही’वर ठेवला की दोन्ही टाक्यांतून येत राहतं. पायपर पीए-२८ मध्ये पंख खाली, म्हणून इंजिनवरचा एक पंप आणि जोडीला इलेक्ट्रिक पंप, आणि ‘बोथ’ नाहीच, डावी किंवा उजवी टाकी तुम्हीच बदलत राहायची. इथे विसरलात तर एका टाकीत भरपूर इंधन असताना दुसरी कोरडी पडून इंजिन थांबू शकतं. म्हणून ठरावीक वेळाने टाकी बदलायची आणि घड्याळात बघून कागदावर लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

ऍव्हगॅसची खरी अडचण शिसं. नावातलं एलएल म्हणजे लो लेड, कमी शिशाचं, असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं, ते स्पार्क प्लगवर बसतं आणि हवेतही जातं, जमिनीवरच्या माणसांच्या अंगात जातं, आणि हे मला मनापासून खटकतं. युरोपियन युनियनमध्ये १ मे २०२५ पासून हे शिसं इंधनात मिसळायला खास परवानगी लागते, अमेरिकेत २०३० संपेपर्यंत शिसेवाल्या ऍव्हगॅसमधून बाहेर पडायचं ध्येय आहे, आणि शिसं नसलेल्या जी१००यूएलला तिथल्या विमान वाहतूक नियामक एफएएने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिलीय. म्हणजे आज ऍव्हगॅसचं विमान घेताय तर पुढे त्या इंजिनाला शिसेविरहित कुठलं इंधन चालेल, त्याची कागदपत्रं मिळतील का, हे आत्ताच विचारून घ्या.

आता जेट ए-वन. डायमंड डीए४० एनजी हे डिझेल विमान चांगलं उदाहरण. स्पार्क प्लग नाहीत, मिक्श्चर म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण हाताने जुळवणं नाही, कार्ब्युरेटर नाही त्यामुळे त्यात बर्फ धरायची भीती नाही, एकच लिव्हर आणि बाकीचं विजेवर चालणारं कंट्रोल युनिट बघतं. इंधन लिटरमागे जास्त ऊर्जा देतं आणि डिझेल इंजिन ते काटकसरीने जाळतं, त्यामुळे क्रूझला, म्हणजे उंचीवर एकसारखं उडताना, ताशी साधारण २० ते २५ लिटरमध्ये काम होतं, तिथे सेस्ना १७२ एस ला ३० च्या पुढे लागतात. पण वजनाचा हिशोब बदलतो हे लक्षात ठेवा: १०० लिटर ऍव्हगॅस सुमारे ७२ किलो, १०० लिटर जेट सुमारे ८० किलो. लिटर आणि वजनाचा घोळ किती महागात पडतो ते २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ च्या बाबतीत दिसलं, किलोच्या जागी पौंडाचा आकडा वापरला गेला, आकाशात इंधन संपलं, आणि कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर विमान अक्षरशः तरंगत उतरवावं लागलं.

डिझेलची दुसरी बाजू म्हणजे वीज. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायरला एका डायमंड डीए४२ ची बॅटरी उतरली होती, बाहेरून पॉवर लावून इंजिनं सुरू केली, उड्डाण झालं, आणि चाकं आत घेताना व्होल्टेज क्षणभर पडलं तर दोन्ही कंट्रोल युनिट रीसेट झाले आणि दोन्ही इंजिनं गेली. म्हणून डिझेल घेताना बॅकअप बॅटरी आणि तिची नोंद आधी तपासा. बॅटरी उतरलेली असेल तर उड्डाणच नको, कितीही घाई असली तरी.

मोगॅस सगळ्यात थोडक्यात सांगतो. १०० एचपीच्या रोटॅक्स ९१२ ला किमान ९५ ऑक्टेनचं बिनशिशाचं पेट्रोल आवडतं, ऍव्हगॅसवर जास्त चालवलं तर शिसं आत साठतं आणि तेल लवकर बदलावं लागतं. पण पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी सीलना त्रास देतं, आणि गरम दिवशी वरच्या उंचीवर पेट्रोलची वाफ पाइपात अडकून इंजिन अडखळू शकतं. इंजिनाला चालतं म्हणून विमानाला चालेलच असं नाही, विमानाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं बघा.

तिन्हींत पाणी हा खरा शत्रू, आणि इथे रंगामुळे मोठा फरक पडतो. ड्रेनमधून, म्हणजे टाकीच्या तळाच्या छोट्या नळातून, कपात काढलेला ऍव्हगॅस निळसर दिसतो, पाणी खाली बसतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. पण कधी कधी अख्खा कप पाण्याचाच असतो, तेव्हा रेघ दिसतच नाही, आणि नवा माणूस ‘स्वच्छ आहे’ म्हणून पुढे जातो. निळा रंग नसेल तर थांबा, वास घ्या. जेट ए-वन मुळात बिनरंगी किंवा फिकट पिवळं, त्यामुळे पाणी ओळखणं अवघड, शिवाय बारीक पाणी त्यात बराच वेळ लटकून राहतं, म्हणून भरल्याबरोबर लगेच ड्रेन न करता थोडं थांबून करा आणि कप उजेडात धरून बघा.

आणि चुकीचं इंधन. ऍव्हगॅसच्या इंजिनात जेट गेलं तर पाइपात उरलेल्या पेट्रोलवर ते सुरू होतं, धावपट्टीपर्यंत टॅक्सी होते, आणि नेमकं टेकऑफला आत स्फोटासारखं जळून इंजिन मोडतं. पूर्वी इंजिनाच्या कव्हरवर ‘टर्बो’ लिहिलेलं बघून, हे जेटवरचं असेल असं समजून, भरणाऱ्यांनी जेट ओतल्याचे प्रकार झालेत. उलट डिझेल विमान छोटं आणि पंख्याचं दिसतं म्हणून कुणीतरी ऍव्हगॅसची नळी घेऊन येऊ शकतो. भरताना स्वतः उभे राहा. शंका असेल तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका, ऍव्हगॅस उडून जातं, जेटचा तेलकट डाग राहतो.

माझी निवड अशी: जिथे जिथे उतरणार तिथे तिथे काय मिळतं ते आधी फोन करून विचारा. लांबची उड्डाणं आणि जेट ए-वन सगळीकडे असेल तर डिझेल घ्या. शिकायला, जवळपास फिरायला, आणि कुठल्याही मेकॅनिकला येईल असं हवं असेल तर वरच्या पंखाचं ऍव्हगॅस विमान. हलकं दोन सीटचं हवं आणि इथेनॉल नसलेलं पेट्रोल हमखास मिळत असेल तरच मोगॅस.

विमान बघायला जाल तेव्हा इंजिन सुरू करून दाखवायच्या आधी सगळे ड्रेन स्वतः काढा, टाकीच्या झाकणांची रबरी रिंग बोटाने चाचपून बघा, आणि सिलेक्टर प्रत्येक जागेवर फिरवून बघा, खटका हाताला नीट लागतोय का.