एक्सलुकअप आठ महिने वापरल्यावर : सगळं छान, फक्त ती चौथी जागा

यादीत कोड शोधून त्याच्यापुढची माहिती आणणाऱ्या एक्सेलच्या व्हीलुकअप या जुन्या फंक्शनला रामराम ठोकला तेव्हा त्याच कामाच्या नव्या एक्सलुकअपचं मी इतकं कौतुक केलं होतं की आता हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय. गेल्या आठवड्यात महिनाअखेरच्या बेरजेतून १४ कोड गायब निघाले, म्हणून हा प्रपंच.

आधी चांगलं. डावीकडच्या कॉलममधलं आणता येतं, कॉलम मोजत बसावं लागत नाही, कुणी मध्येच नवा कॉलम घुसवला तरी आकडे सरकत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक आहे. फॉर्म्युल्याच्या कंसातल्या सहाव्या जागेकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. तिथे उणे एक टाकलं की शोध खालून वर होतो. एकाच वस्तूच्या दहा नोंदी असतील तर शेवटची हाती लागते. एवढ्यासाठी पूर्वी मी आख्खी शीट उलटी लावायचो!

आता चौथी जागा. व्हीलुकअपमध्ये तिथे फॉल्स लिहायला विसरलात की तो अंदाजपंचे जवळपासचं काहीतरी उचलतो आणि चुकीचा आकडा बिनदिक्कत दाखवतो. ऑफिसात कुणाचीही शीट अडली की माझ्याकडे येते, आणि मी आधी तिथेच बोट ठेवायचो. एक्सलुकअप न सांगताही तंतोतंतच जुळवतो. त्याच्या चौथ्या जागी, सापडलं नाही तर काय दाखवायचं, ते लिहायचं असतं. मी काय लिहिलं? दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही. एन-एची (म्हणजे 'सापडलं नाही' या एररची) सगळी रांग नाहीशी, शीट कशी लख्ख! साहेबसुद्धा म्हणाले, आता बरं दिसतंय.

तिथेच घात झाला. एन-ए डोळ्यांत खुपायचं, पण निदान बोंब मारायचं. ते असतं तर बेरीजही एन-एच आली असती. रिकाम्या दिसणाऱ्या सेलना बेरजेच्या सम फंक्शनने मजकूर समजून मुकाट वगळलं. नुसत्या अधिक चिन्हांनी बेरीज केली असती तरी व्हॅल्यूची एरर आली असती.

मग ते १४ कोड एकेक तपासले. नऊ ठिकाणी आकडे मजकूर म्हणून बसले होते, सेलच्या डाव्या कडेला चिकटून. १ ने गुणून सुटले. (कोडच्या पुढे शून्य असेल तर हे करू नका, शून्य उडतं.) एक कोड यादीत खरंच नव्हता. उरलेल्या चारांनी दुपार खाल्ली. डोळ्यांना सहा अक्षरं, अक्षरं मोजणारा लेन सांगतोय सात. जादा स्पेस काढणारं ट्रिम लावलं, तरी सातच. शेवटी कळलं, वेब पेजवरून चिकटवताना आलेली ती न तुटणारी स्पेस, क्रमांक १६०. ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची साधी स्पेस काढतो, हिला हातही लावत नाही. अक्षरं बदलणाऱ्या सब्स्टिट्यूटमध्ये युनिकॅर १६० (म्हणजे त्या क्रमांकाचं अक्षर) देऊन ती उडवली आणि चारही जुळले.

एवढं झाल्यावर पुन्हा व्हीलुकअपकडे जाणार होतो. पण चौथी जागा रिकामी ठेवली असती तर एक्सलुकअपनेही एन-एच दाखवलं असतं. गप्प बसायला मीच सांगितलं होतं. शिवाय इफएररपेक्षा ही जागा बरी, कारण ती फक्त न सापडल्याचं झाकते. फंक्शनचं नाव चुकलं तर ती एरर दिसतेच. इफएरर सरसकट सगळ्यावर पांघरूण घालतो.

एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचं वापरणाऱ्यांना फाइल पाठवताना मात्र सांभाळा. तिथे हे फंक्शन नाही. उघडल्यावर जुने आकडे जागेवर दिसतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. सेलमध्ये जाऊन एंटर मारलं की नेमची एरर. अशांसाठी मी अजूनही इंडेक्स-मॅच ही जुन्या फंक्शनांची जोडी ठेवतो.

आता चौथ्या जागी 'यादीत नाही' असं लिहितो आणि शीटच्या डोक्यावर काउंटइफने ते मोजतो. साहेबांना तो लाल आकडा आवडत नाही. आवडू नये म्हणूनच लाल केलाय. आज तिथे २ दिसतंय, जेवून आलो की बघतो.