वनहक्काचा दावा: वैयक्तिक की सामूहिक?

नाशिकच्या पेठकडच्या मित्राचा प्रश्न: वनहक्क कायद्याखाली आधी कोणता दावा लावू? 2018 च्या मार्चमध्ये वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्यांपैकी तो एक.

वैयक्तिक दाव्यात आदिवासी कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेली, कसत असलेली वनजमीन मिळते, जास्तीत जास्त 4 हेक्टर. पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावे; वारसांकडे जातो, विकता येत नाही. दमछाक पुराव्यांत. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही चालतो, हे कुणी सांगतच नाही!

सामूहिक दावा ग्रामसभेचा. बैठका, हद्दी, शेजारच्या गावाशी हुज्जत. पण मोह, बांबू, चराई गावाच्या हाती येते, भूमिहीनालाही वाटा.

नागलीचं (नाचणीचं) वावर वाचवायचं तर वैयक्तिक. पोट जंगलावर असेल तर सामूहिक. दोन्ही लावता येतात.