सूपमध्ये गोजी की डांगग्वेई?

चिनी घरांत कोंबडीच्या सूपमध्ये या दोन्ही वनस्पती पडतात, पण दोघींना एकाच मापाने मोजू नये.

गोजी म्हणजे लाल, गोडसर सुकी फळं. चीनच्या निंगशिया स्वायत्त प्रदेशातली गोजी विशेष नावाजलेली. वांगी-टोमॅटोच्या कुळातलं हे फळ चीनमध्ये सरळ अन्न मानलं जातं. भाताच्या पेजेत, अंड्यात, चहात, कुठेही चालतं. मूठभर धुऊन सूप उतरवायच्या आधी दहा मिनिटं टाकायचं. जास्त उकळलं की गाळ होतो.

डांगग्वेई हे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं मूळ. वास उग्र, चव कडसर. आलं आणि मटणाबरोबर त्याचं सूप चीनच्या हान राजवटीतले वैद्य चांग चोंगचिंग यांच्या नावावर आहे. चीनने आता त्याला अन्नात परवानगी दिली आहे, पण फक्त मसाला म्हणून, आणि मला ही मर्यादा अगदी योग्य वाटते. एक-दोन पातळ चकत्या सुरुवातीपासून मंद आचेवर शिजवा, बास. अख्खं मूळ टाकणं ही हौस नाही, उधळपट्टी आहे. गरोदर बायकांनी ते टाळावं; शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच बंद करून डॉक्टरांना सांगावं.

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी मात्र दोन्हींपासून लांब राहावं. डांगग्वेईने रक्तस्रावाचा धोका वाढतो हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं, गोजीचं कुणी सांगत नाही. पण गोजीच्या चहानंतरही रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याच्या नोंदी आहेत.

बाकी निरोगी माणसाला रोजच्या ताटासाठी गोजीच बरी.