आर्मा ३ मध्ये नेम धरतानाचा ब्लर: आठ महिने वापरून

सेलमध्ये आर्मा ३ हा सैनिकी लढाईचा कॉम्प्युटर गेम घेतला आणि पहिलं काम काय केलं, तर सगळे ब्लर, म्हणजे चित्र धूसर करणारे इफेक्ट, शून्यावर आणले. गेम २०१३ चा असला तरी माझा लॅपटॉप जीटीएक्स १६५० या साध्या ग्राफिक्स कार्डाचा, सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम वाचवायच्या होत्या. दोन महिन्यांनी भाचा सुट्टीला आला आणि 'मामा, एवढं रुक्ष का ठेवलंय?' म्हणत सगळं हायवर टाकून गेला.

त्या रात्री बंदूक डोळ्याला लावली तर मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, विरघळल्यासारखी दिसली. हा डेप्थ ऑफ फील्ड नावाचा ब्लर, एका अंतरावरचं स्पष्ट ठेवून बाकीचं धूसर करणारा. बंद करायला गेलो आणि थांबलो. हे कुठेतरी पाहिलं होतं.

एनसीसीचा कॅम्प, पॉइंट टू टू रायफल, २५ यार्डांवर टार्गेट. उस्तादांचं एकच पालुपद, "फोरसाइट की टिप देखो, टार्गेट को मत देखो." मागची खाच डोळ्याजवळ, पुढचं टोक हातभर लांब, टार्गेट त्याहून कितीतरी पलीकडे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो, बाकीचं धूसर होणारच. उस्तादांना टोक स्पष्ट हवं होतं, टार्गेट पुसट दिसलं तरी चालायचं.

गेमवाले नेमकं उलटं करतात. खाच धूसर, टार्गेट मात्र स्वच्छ. उस्तादांनी कान पिळला असता, पण इथे माझं मत गेमवाल्यांच्या बाजूने आहे. ३०० मीटरवरचा माणूस स्क्रीनवर जेमतेम मूठभर पिक्सेलचा, तोही पुसट केला तर मारायचं कुणाला? रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) लावला की हा खोटेपणाही उरत नाही. त्या ठिपक्याचा प्रकाश खूप लांबून आल्यासारखा डोळ्यात शिरतो, म्हणून खऱ्या आयुष्यातही नजर टार्गेटवरच ठेवायची असते आणि भोवतीची चौकट आपोआप धूसर होते.

खरी अडचण वेगळीच आहे. माझी नजर कुठे आहे हे गेमला कळत नाही, तो स्क्रीनचा मध्य धरून चालतो. दुसऱ्या एका गेममध्ये (नाव घेत नाही) गवताचं एक पातं मध्ये आलं की फोकस त्यावर जायचा आणि मागची अख्खी इमारत वितळायची. वीस मिनिटांत डोकं धरायचं.

बरेच जण याला मोशन ब्लर समजून शिव्या घालतात. तो प्रकार निराळा, मान वळवताना चित्र फासणारा. २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअर या गेममध्ये त्यातही जगाचा आणि बंदुकीचा अशी दोन वेगळी बटणं आहेत, हे शहाणपणाचं. मी दोन्ही बंद ठेवतो. आर्मातही याच जातीचे रेडिअल आणि रोटेशन ब्लर शून्यावरच आहेत.

स्कोपच्या, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या, बाबतीत स्क्वॉड या दुसऱ्या गेमने २०२३ मध्ये आणलेली पद्धत मला जास्त पटते. फक्त काचेतलं दृश्य मोठं होतं, भोवतालचं आहे तसंच राहतं. आर्मात सगळा पडदाच जवळ येतो. अर्थात स्क्वॉडसारखं करायचं तर तेच दृश्य दोनदा काढावं लागतं, माझ्या लॅपटॉपची त्यातच दमछाक.

गेल्या महिन्यात चाळिशी लागली. आता खरी रायफल हातात आली तर चष्म्याशिवाय ते टोकसुद्धा पुसटच दिसेल, उस्ताद काहीही म्हणोत. स्क्रीन मात्र दोन फुटांवर असतो, तेवढ्यापुरतं चष्म्यावर निभतंय. डेप्थ ऑफ फील्ड सध्या ३० वर आहे. चार-पाच फ्रेम जातात, जाऊ देत. गावात घराघरांतून लढायचं असलं की तोही शून्यावर आणतो, कारण तिथे कोपऱ्यात कोण हललं ते आधी दिसायला हवं.