‘स्मॉल आयलंड बिग साँग’ : वाजवतंय कोण ते सांगा की!

गेल्या महिन्यात गाण्यांच्या ॲपचं सबस्क्रिप्शन संपलं आणि त्यात डाउनलोड करून ठेवलेला हा अल्बम रातोरात गायब. ग्राहकसेवेचं एकच पालुपद : पैसे भरा, परत दिसेल. जन्मभर भाडं कोण भरणार? सरळ अल्बमच विकत घेतला. इतके महिने ऐकूनही तो मनातून उतरलेला नाही.

कल्पना बहुतेकांना ठाऊक असेल. तैवानची बाओबाओ चेन आणि ऑस्ट्रेलियाचा टिम कोल तीन वर्षं प्रशांत आणि हिंदी महासागरातल्या १६ बेटदेशांत फिरले. कलाकारांनी आपल्याच भाषेत, आपल्याच वाद्यांवर, आपल्याच भूमीवर उघड्यावर गायचं. मग दुसऱ्या बेटावरच्यांनी त्यात आपली भर घालायची. अल्बम आला २०१८ मध्ये.

सुरुवातीला ही भर मला जास्तच वाटली. स्वयंपाकघरातल्या ब्लूटूथ स्पीकरवर ढोल तेवढे ऐकू यायचे. वायरचे हेडफोन लावले आणि मत बदललं. मादागास्करची वलिहा सुटी ऐकू आली. बांबूच्या नळकांड्यावर चहूबाजूंनी उभ्या तारा, तारेखाली वाळक्या भोपळ्याच्या कवचाचे तुकडे. ते सरकवून सूर लावायचा. पूर्वी बांबूचीच साल उचलून तार काढत, आता बऱ्याचदा सायकलच्या ब्रेकची केबल उसवून काढतात. बांबूच्या नळीवरची अशी तंतुवाद्यं फिलिपिन्स-बोर्निओतही आहेत. मादागास्कर आफ्रिकेशेजारी असलं तरी तिथल्या भाषेची सख्खी भावंडं बोर्निओत सापडतात. त्यामुळे या संगतीत कुणी उपरं वाटत नाही.

आणि नेमकं इथेच माझं डोकं फिरतं. ज्या अल्बमचा जीवच ‘कुठल्या बेटावरचं कोण’ यात आहे, त्याच्या गाण्याखाली ॲपवर वादकांची धड नावंसुद्धा नसावीत? रापा नुईचा (म्हणजे ईस्टर बेटाचा) योयो तुकी, तैवानच्या आमीस या आदिवासी समाजातली गायिका आदो कालितिंग पासिदाल, बोर्निओतल्या सारावाकची, सापे हे तंतुवाद्य वाजवणारी अलेना मुरांग ही माणसं म्हणजे काय नुसता ‘साउंड’ आहे? प्रकल्पाच्या संकेतस्थळावर कलाकारांची माहिती आहे. तिथून बघून मी एकेका फाइलीत नावं भरतोय. किचकट काम आहे, पण नाव कळलं की पुढच्या वेळी तो गळा गर्दीतही ओळखू येतो.

ढोलांची दाटी दोन-तीन ठिकाणी अजूनही खटकते. तेवढ्यासाठी पाचातला अर्धा तारा कापला. घ्यायचा असेल तर विकतच घ्या, आणि स्पीकरवर ऐकून मत बनवू नका.