पाय गेलेल्या कोंबडीसाठी चाकांचा झोळी-स्टँड: सांगाडा उत्तम, झोळी बदलून घ्या

कोंबडी घरात सांभाळते म्हटलं की लोक आधी शीचं काय करता ते विचारतात. माझ्या लेखी पहिला प्रश्न छातीच्या हाडाचा. पाय न चालणारी कोंबडी दिवसभर छातीवर बसून असते. तिथलं मधलं उभं हाड कातडीला लागूनच असतं. जमिनीशी घासून आधी तिथली पिसं जातात, मग कातडी लाल होते, मग फोड येतो, आणि तो एकदा फुटला की लवकर भरत नाही, कारण पाखरू पुन्हा त्याच जागेवर बसतं. चाकांच्या सांगाड्याला टांगलेल्या झोळीत कोंबडीला उभं ठेवणारा हा स्टँड मी ऑनलाइन मागवला तो एवढ्यासाठीच. त्यामुळे माझं मतही त्याच एका गोष्टीवर आहे: छातीवरचा भार उतरतो की नाही?

उतरतो. पण सोबत आलेली झोळी तशीच वापरली तर नाही.

आमची कवडी गावरान आहे, तांबूस अंगावर पांढरे ठिपके. भावाच्या शेतावर, शिरोळकडे, खुडूक कोंबडीखाली निघालेली. पिल्लू असतानाच तिच्या डाव्या पायाची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सांध्यामागच्या खोबणीतून सरकली. वाढत्या पिल्लाला खाद्यातून मँगनीज किंवा कोलीन कमी पडलं की असं होतं, कधी हिसका बसूनही होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुरुवातीलाच शीर जागेवर बसवून पट्टी बांधली तर पाय वाचू शकतो. कवडी माझ्याकडे आली तेव्हा हाड वळून पक्कं झालं होतं. आता डावा पाय बाजूला पसरतो, आणि उजवा जोर लावतो पण एकट्याला अंग पेलत नाही. खुराड्यात ठेवायची सोय नव्हती. लंगड्या पाखराला बाकीच्या कोंबड्या दाण्याजवळ येऊ देत नाहीत, टोचून रक्त काढतात. म्हणून इचलकरंजीत पहिल्या मजल्यावर, माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी तिची जागा झाली. मी ब्लाउज शिवते. ही झोळी मी शिंपिणीच्या नजरेनं बघितली आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

सांगाडा पीव्हीसी पाइपचा आहे. वजनाला हलका, एका हातानं उचलून गॅलरीत नेता येतो. चारी पायांना भोकं पाडून पिना दिल्यात, त्यानं उंची कमीजास्त होते. या सोयीसाठी मी त्याला मनापासून चांगलं म्हणेन, कारण सगळी गंमत उंचीतच आहे. पंजे खालच्या चटईला पुरते टेकले पाहिजेत आणि सांधे किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. पाय अधांतरी लोंबत असले तर कोंबडी घाबरून फडफडते, आणि चांगल्या पायाला जोर लावायला काहीच मिळत नाही. पुढे दोन स्टीलच्या वाट्या कड्यांत बसतात, निघतात, घासता येतात. पाणी सांडत नाही. पाइपाला साधा साबण पुरतो.

चाकांना ब्रेक नाहीत. हा दोष मोठा आहे. कवडी उजव्या पायानं रेटा द्यायची की स्टँड मागे जायचा, वाटी चोचीपासून लांब आणि ती गोंधळलेली. पुढची दोन चाकं काढून तिथे म्हाताऱ्या माणसांच्या काठीला खाली असतं ते रबरी बूच बसवलं. औषधाच्या दुकानात मिळतं. आता स्टँड जागचा हलत नाही, आणि मला हलवायचा असला की पुढून उचलून मागच्या चाकांवर ढकलते.

आता झोळी. नायलॉनच्या जाळीची आहे. पायांसाठी दोन भोकं, मागे शीसाठी एक, आणि छातीवरून जाणारा वेल्क्रोचा पट्टा. भोकांच्या कडा नुसत्या तापवून बंद केल्यात, त्यांना पट्टी लावलेली नाही. हात फिरवला की बोटाला टोचतं, मांडीच्या आतल्या पातळ कातडीचं काय होत असेल! मागचं भोक इतकं लहान आहे की पिसं भरतात. कोंबडी मधूनमधून तपकिरी, चिकट, उग्र वासाची शी करते; ती आजाराची नसते, पण जाळीत अडकली तर पिसांना धरून बसते. आणि उन्हाळ्यात मागची जागा ओली राहिली की माशा अंडी घालतात, एका दिवसात अळ्या पडू शकतात. ज्यांच्या कोंबडीला स्वतःला वळून पिसं साफ करता येत नाहीत, त्यांनी रोज संध्याकाळी उजेडात शेपटीखाली बघितलंच पाहिजे.

सगळ्यात चुकीचा तो छातीचा पट्टा. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये पडदा असतो, तो खालीवर होऊन आपला श्वास चालतो. कोंबडीला तसा पडदा नाही. तिचं छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत येते. ते आवळलं तर नाकतोंड मोकळं असूनही पाखरू गुदमरतं. लहान मुलं प्रेमानं घट्ट धरतात तेव्हाही हीच भीती असते. माहितीपत्रकात ‘पट्टा घट्ट बांधा, म्हणजे पक्षी सुरक्षित राहील’ असं छापलंय. विकणाऱ्यांनी ही ओळ आज काढावी. मी पट्टा पहिल्याच दिवशी कापून टाकला.

मग नवी झोळी शिवली. होजिअरी घेतली तर ती ताणते आणि तासाभरात कोंबडी मधोमध खाली जाते, भार परत हाडावर. कॅनव्हास कडक. शेवटी धुऊन मऊ झालेलं केंब्रिक दुहेरी घेतलं. मधोमध, हाड येतं तिथे, दोन्ही बाजूंनी टक्स (कापड चिमटून घातलेल्या शिवणी) घालून ब्लाउजच्या कटोरीसारखा खोलगटपणा दिला, म्हणजे हाड कापडाला टेकतच नाही आणि भार दोन्ही कुशींच्या मांसावर वाटला जातो. पायांच्या भोकांना उरेबी, म्हणजे तिरक्या कापाची पट्टी लावली, शिवण बाहेरच्या अंगाला घेतली. मागची बाजू भोक न ठेवता सरळ अर्धगोल कापली. पट्ट्याऐवजी पाठीवरून दोन सैल नाड्या, पंखांच्या मागून. अशा तीन झोळ्या आहेत, एक अंगाखाली, एक दोरीवर, एक घडीत. खाली बाळाच्या दुपट्यासारखं जुनं सुती कापड आणि त्याखाली मेणकापड. बाजारात कोंबडीचे लंगोटही मिळतात. चालत्याफिरत्या कोंबडीला ते ठीक, पण बसून राहणारीला नकोत, ओल अंगालाच राहते.

या झोळीत कवडी सकाळी आणि दुपारी थोडा थोडा वेळ असते. मान वर, पंख मोकळे, दोन्ही पंजे चटईवर. उजव्या मांडीला आता हाताला लागेल असं मांस भरलंय. आधी ती पसरून, मान लांब करून खायची आणि निम्मा दाणा नाकात-डोळ्यात जायचा. गळ्याखालची दाण्याची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असली पाहिजे. पूर्वी ती सकाळीही मऊ, भरलेली लागायची. उभ्यानं खायला लागल्यापासून ते थांबलं. मला वाटतं, या स्टँडचे पैसे तिथेच वसूल झाले.

पण दिवसभर यात ठेवू नका. पत्रकातल्या फोटोत कोंबडी झोळीत झोपलेली दाखवली आहे, ते मला पटत नाही. बाकी वेळ तिला जमिनीवर मऊ बैठक हवी: खाली रबरी जाळीची चटई, वर गोणपाट, त्यावर भाताचा पेंढा, आणि दोन्ही कुशींना गुंडाळलेला टॉवेल. वर्तमानपत्र किंवा गुळगुळीत फरशी अजिबात नको, पसरलेला पाय आणखी पसरतो. आठवड्यातून एकदा परातीत कोरडी माती आणि चाळलेली राख घेऊन त्यात तिला कुशीवर ठेवते, मी हातानं माती पंखाखाली घालते. एवढी खूश ती दाणा बघूनही होत नाही! डोळे मिटून एक पंख उचलून धरते, इथे घाल म्हणून.

घरात ठेवलेल्या कोंबडीची आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, डॉक्टरांनीच लक्षात आणून दिली. आपल्याकडे रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते. कोंबडीचं शरीर उजेडाचे तास मोजून अंडी घालतं. चौदा-सोळा तास उजेड मिळाला की ते जोरात चालू राहतं. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि खाण्यातून कमी पडलं तर ते तिच्या हाडांतून निघतं. न चालणाऱ्या कोंबडीची हाडं आधीच अशक्त. म्हणून दिवस मावळला की कवडीच्या डालग्यावर जाड काळं कापड, मशीन मी दुसऱ्या खोलीत चालवते. लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य), वेगळ्या वाटीत शिंपल्याचा चुरा, आणि सकाळचं कोवळं ऊन गॅलरीत, काचेतून नव्हे. तिच्याजवळ मच्छर अगरबत्ती, धूप काही लावत नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापवणंही घरात बंद. त्याच्या धुरानं पाखरं मरतात.

शेजारच्या काकूंनी बर्ड फ्लूचं विचारलं होतं. 2006 साली नंदुरबारकडे नवापूरला झालं ते लोकांच्या लक्षात आहे, आणि भीती रास्त आहे. मी त्यांना घरात बोलावून दाखवलं: दुसऱ्या पाखरांशी संबंध नाही, गॅलरीला जाळी आहे, शी रोज उचलते, कोंबडीला हात लावल्यावर साबणानं हात धुते, तिची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये येत नाहीत. आता त्या भाजीचे देठ आणून देतात.

तर, घ्यावा का? घरात शिवणारं कुणी असेल किंवा गल्लीतला शिंपी ऐकणारा असेल तर जरूर घ्या. 2,400 रुपयांत असा उंची बदलणारा सांगाडा घरी जोडणं अवघड आहे. नुसती आलेली झोळी वापरणार असाल तर घेऊ नका. आणि एकही पाय जोर लावत नसेल, किंवा मान वाकडी होत असेल, तर स्टँडच्या आधी पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. मानमोडी (राणीखेत) किंवा मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूच्या रोगांतही पाय जातात आणि तिथे सांभाळायची रीत वेगळी.

झोळी शिवणाऱ्यांसाठी मापं कशी घ्यायची ते सांगते. कोंबडीला संध्याकाळी, दाणा खाऊन झाल्यावर मांडीवर घ्या, सकाळच्या रिकाम्या अंगाचं माप कमी येतं. गळ्याच्या बुडापासून दोन्ही मांड्यांच्या मधोमधपर्यंत लांबी. पंखाखालून घेर, टेपखाली तुमची दोन बोटं ठेवून, ती श्वास आत घेते तेव्हाचा. दोन मांड्यांमधलं अंतर ती बसलेली असताना नव्हे, हातांवर तोलून धरलेली असताना. टक्स छातीच्या हाडाच्या टोकाच्या एक बोट आधी संपवा. पहिली झोळी कच्च्या टाक्यांनी शिवून बघा आणि थोडा वेळ ठेवून कोंबडीला कुशीवर घेऊन कातडी तपासा. कुठे गुलाबी वळ दिसला तर त्या जागेची शिवण उसवून सैल करा, मगच मशीन मारा.