लुआरकाठी मुक्काम कुठे करावा: अँब्वाज, ब्ल्वा की शिनों?

फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात जायचं ठरलं की आधी राजवाड्यांची यादी होते आणि मुक्कामाचं गाव सगळ्यात शेवटी, हॉटेलच्या दरावरून ठरतं. माझ्या मते क्रम उलटा हवा. संध्याकाळी ज्या गल्ल्यांतून हिंडणार, जिथली वाइन जेवणाबरोबर घेणार, ते गाव आधी निवडावं.

पहिल्यांदाच जात असाल, सोबत आई-बाबा किंवा लहान मुलं असतील, तर अँब्वाज. रेल्वेने तूर शहरापासून वीसेक मिनिटांवर. स्टेशन नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, सामान घेऊन पूल ओलांडावा लागतो, एवढंच. राजा फ्रान्स्वा पहिला याच्या बोलावण्यावरून लिओनार्दो दा विंची 1516 मध्ये इथे आला आणि 1519 मध्ये इथेच वारला. त्याचं राहतं घर, क्लो ल्यूसे, राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि समाधी राजवाड्याच्या आवारातल्या चॅपलमध्ये. मूळ राजवाड्याचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात पाडला गेला, त्यामुळे आतल्या दालनांत फार वेळ जात नाही. पण घोड्यांसकट वर चढता यावं म्हणून बुरुजाच्या पोटात बांधलेला गोल चढ जरूर पाहावा. शेर नदीवर पुलासारखा उभा असलेला शेनाँसोचा राजवाडा इथून 12 किलोमीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात दिवसा गर्दी फार. सहलीच्या बस संध्याकाळी परततात आणि गाव पुन्हा मोकळं होतं; म्हणूनच इथे धावती भेट नको, रात्र काढावी.

वाइनच्या दृष्टीनेही ही बाजू आपल्याला परकी नाही. नाशिकच्या द्राक्षमळ्यांमुळे ओळखीची झालेली शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं मूळची याच खोऱ्यातली. अँब्वाज आणि तूरच्या दरम्यान उत्तर काठावर व्हूव्रे, दक्षिण काठावर माँलुई, ही दोन्ही वाइनची गावं. एकाच द्राक्षापासून पूर्ण कोरडी, थोडी गोड, चांगलीच गोड आणि फेसाळ अशा सगळ्या तऱ्हा इथे चाखता येतात.

ब्ल्वा मी फक्त एका कारणासाठी सुचवेन: वास्तुकला. इथल्या राजवाड्याच्या चौकात उभं राहिलं की तेराव्या शतकातल्या गॉथिक सभागृहापासून सतराव्या शतकातल्या वास्तुकार फ्रान्स्वा माँसारच्या इमारतीपर्यंत चार काळ चार बाजूंना दिसतात. 1588 मध्ये फ्रान्सचा राजा हेन्री तिसरा याने आपला प्रबळ प्रतिस्पर्धी ड्यूक ऑफ गीज याचा खून इथेच करवला. शाँबोर आणि शव्हर्नीच्या राजवाड्यांना जायला हे गाव सोयीचं. हंगामात बसही असते. मुक्कामाचं गाव म्हणून मात्र मन रमण्यात ते बाकी दोघांच्या मागे आहे.

आणि शिनों. गड-किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाने इथेच जावं, असं मी आग्रहाने सांगेन. बाकीचे बहुतेक शातो (म्हणजे इथले राजवाडे-किल्ले) नक्षीदार निवासी महाल आहेत; शिनोंचा मात्र खराखुरा लढाऊ किल्ला. व्हिएन नदीवरच्या लांबट सोंडेवर तो पसरलेला आहे, कोरड्या खंदकांनी त्याचे तीन भाग केले आहेत आणि तटावरून खाली स्लेटच्या छपरांचं गाव दिसतं. इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा 1189 मध्ये इथे वारला. 1308 मध्ये टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या म्होरक्यांना इथे डांबलं होतं. किल्ल्यातल्या कुद्रे बुरुजाच्या भिंतीवर कोरलेल्या खुणा त्यांच्याच मानल्या जातात. 1429 मध्ये जोन ऑफ आर्क फ्रान्सचा भावी राजा चार्ल्स सातवा याला प्रथम भेटली ती याच किल्ल्यात. गुडघे कुरकुरत असतील तर गावातून वर जायला लिफ्टही आहे.

शिनोंत किल्ला, गाव आणि वाइन वेगवेगळे काढताच येत नाहीत. तट आणि घरं ज्या मऊ, फिकट तुफो दगडात बांधली, तो कोरून काढल्यावर टेकडीत ज्या पोकळ्या उरल्या, तीच आज वाइनची तळघरं आहेत: बारमाही थंड, ओलसर. इथली रेड वाइन काबर्ने फ्राँ या द्राक्षाची. वजनाने हलकी, तांबड्या फळांचा वास; कोवळी असताना किंचित गार करून पितात. जड रेड न झेपणाऱ्यांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी.

फेसाळ वाइनचीच ओढ असेल, तर आणखी पश्चिमेला सोम्यूर. तिथे याच दगडातल्या खाणींत लांबच लांब तळघरं आहेत, आणि मश्रूमही पिकतात. शाकाहारी मंडळींना ते उपयोगी. तूरकडचं बकरीच्या दुधाचं चीजही सगळीकडे मिळतं, पण पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राण्यांपासूनचं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, हे कडक शाकाहारींनी ध्यानात ठेवावं.

शिनोंची अडचण वाहतुकीची. तूरहून रेल्वेगाडीने तासाभराच्या आत पोहोचता, पण फेऱ्या मोजक्या आहेत. हेन्री दुसऱ्याचं समाधी-शिल्प असलेला फोंतव्रोचा मठ किंवा आसपासचे द्राक्षमळे पाहायचे तर भाड्याची मोटार हवी किंवा सायकल. हे जमणार असेल तर शिनोंत किमान दोन रात्री राहा. जमणार नसेल तर अँब्वाजला खोली घ्या आणि तूरमार्गे एक दिवस शिनोंला द्या. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा.